भाड्याचा संगणक

मृग नक्षत्र लागलें कीं जालना, अंबड, भोकरदन, परतूर या भागांतील माणसाची नजर आपोआप आभाळाकडे जाते. येथें ढग म्हणजे आशा आणि ढग म्हणजेच हुलकावणी. त्यामुळें संगणकाच्या व्यवसायांत शिरूं पाहणारा येथील एखादा तरुण जेव्हां घरीं सांगतो कीं, आपलें सगळें काम हल्लीं 'क्लाउड'वर चालतें, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटावी यांत नवल नाहीं. जें वाऱ्याबरोबर कोठेंही जातें आणि ज्याचा भरंवसा कोणीच देऊं शकत नाहीं, त्यावर हिशेबाच्या वह्या आणि पोटापाण्याचें काम ठेवावयाचें, ही कल्पनाच त्यांना पटत नाहीं.

दोष नांवाचा आहे. टेलिफोनचें व संगणकांचें जाळें कागदावर काढून दाखवितांना त्यांतील जो भाग गुंतागुंतीचा, परंतु त्या चित्रापुरता महत्त्वाचा नसे, तेथें अभियंते नुसता एक ढग काढून मोकळे होत. त्या ढगाच्या पलीकडे काय आहे याची चौकशी चित्र पाहणाऱ्यानें करूं नये, इतकाच त्याचा अर्थ. पुढें तेंच नांव रूढ झालें. वस्तु मात्र अगदीं जमिनीवरची आहे. सिमेंटच्या भक्कम इमारती, त्यांत लोखंडी मांडण्यांवर रचलेले हजारों सर्व्हर, त्यांना थंड राखणारीं यंत्रें, वीज गेल्यास क्षणांत भार उचलणाऱ्या बॅटऱ्या व डिझेलचे जनरेटर, आणि भिंतींतून बाहेर पडणाऱ्या कांचतंतूंच्या केबल. भारतांत अशा इमारतींची सर्वांत मोठी वसाहत मुंबई व नवी मुंबई येथें झाली आहे. कारण समुद्राच्या तळावरून येणाऱ्या अनेक केबल मुंबईसच किनाऱ्याला लागतात.

या दृष्टीनें जालन्याचें स्थान मोठें मौजेचें आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें आपलीं केंद्रें उघडलीं. अमेझॉननें जून २०१६ मध्यें मुंबईंत, गुगलनें २०१७ सालीं मुंबईंतच, आणि पुन्हां अमेझॉननें नोव्हेंबर २०२२ मध्यें हैदराबादेस आपलें दुसरें केंद्र चालू केलें. सरळ रेषेंत मोजलें तर जालन्याहून मुंबई सुमारें सव्वातीनशें किलोमीटर आणि हैदराबाद चारशेंच्या आंतच. निजामाच्या राजवटींत मनमाडहून सिकंदराबादेस जो लोहमार्ग झाला, तो जालन्यावरूनच जातो. एका बाजूची गाडी धरली तर मुंबईची वाट, दुसऱ्या बाजूची धरली तर हैदराबादेची. आज येथील प्रोग्रामरची माहितीहि याच दोन दिशांपैकीं एकीकडे जाते. कांचतंतूंतून प्रकाश एका सेकंदांत सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणजे मुंबईस जाऊन परत येण्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाचे तीनचार भाग पुरेत. केबलचीं वळणें व मधलीं यंत्रें धरलीं तरी हा विलंब माणसाच्या लक्षांत येत नाहीं. तेंच काम अमेरिकेंतील व्हर्जिनियामध्यें ठेवलें तर अंतर बारा-तेरा हजार किलोमीटर होतें, आणि एका फेरीस प्रत्यक्षांत सेकंदाचा पांचवा भाग किंवा त्याहून अधिक लागतो. एका पानासाठीं अशा वीस फेऱ्या एकामागून एक घडल्या तर गिऱ्हाईक कंटाळून उठून जाईल. तेव्हां खातें उघडल्यावर यादींत जें पहिलें नांव दिसेल तें केंद्र न निवडतां जवळचें केंद्र निवडणें ही या विद्येंतील पहिली पायरी होय. आणि अनेक नवशिके नेमके याच पायरीवर घसरतात.

संगणक विकत न घेतां दुसऱ्याचा वापरावा ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेंत १९६४ सालीं सी. डी. सी. ३६०० नांवाचा मोठा संगणक आला. तसा दुसरा विकत घेण्याची ऐपत देशांतील बहुतेक विद्यापीठांना व प्रयोगशाळांना नव्हती. म्हणून त्या आपलीं गणितें भोंकें पाडलेल्या कार्डांवर उतरवून तेथें नेत आणि उत्तरें घेऊन परतत. एक यंत्र, अनेक मालक नसलेले वापरणारे. मूळ तत्त्व हेंच. अमेरिकेंत जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञानें १९६१ सालींच असें सुचविलें होतें कीं, टेलिफोनप्रमाणें संगणनहि एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळूं लागेल. त्याच दशकांत आय. बी. एम. कंपनीच्या अभियंत्यांनीं एका यंत्राच्या पोटांत अनेक 'भासमान' यंत्रें चालविण्याची युक्ति सिद्ध केली, आणि आजच्या सर्व व्यवहाराचा पाया तीच आहे.

ती युक्ति जुन्या वाड्याच्या दृष्टांतानें चटकन् ध्यानांत येईल. वाडा एकच, पण मालकानें मधें भिंती घालून प्रत्येक बिऱ्हाडास वेगळें दार, वेगळें कुलूप आणि वेगळा नळ दिला आहे. शेजारी कोण राहतो हें भाडेकरूस ठाऊक नाहीं व ठाऊक असण्याची गरजहि नाहीं. सर्व्हरच्या बाबतींत या भिंती विटांच्या नसून एका मूलभूत प्रोग्रामनें घातलेल्या असतात. तो प्रोग्राम मूळ यंत्राची गणनशक्ति, स्मृति व सांठवण यांची वांटणी करतो आणि प्रत्येक भाडेकरूस असें भासवितो कीं, संपूर्ण यंत्र त्याचें एकट्याचेंच आहे. भिंत चढविण्यास व पाडण्यास मिनिटभरहि लागत नाहीं, हाच काय तो वाड्यांत व यांत फरक. आणि सारें अर्थकारण या फरकावर उभें आहे.

हें बिऱ्हाड कोणालाहि भाड्यानें देण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर अमेझॉननें उभा केला. मूळची ही पुस्तकें विकणारी कंपनी. मार्च २००६ मध्यें तिनें माहितीच्या सांठवणीची आणि ऑगस्ट २००६ मध्यें भासमान यंत्रांची सेवा खुली केली. लहानांत लहान यंत्राचा दर तासाला दहा अमेरिकन सेंट होता. नाताळच्या गर्दीसाठीं घेतलेले सर्व्हर एरवीं रिकामे पडत, म्हणून कंपनीनें ते भाड्यानें दिले, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगतात. ती ऐकावयास गोड असली तरी खरी नाहीं. कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्यांनींच ती खोडून काढली आहे. आणि विचार केला तर, नाताळ पुन्हां आल्यावर भाडेकरूंना काय बाहेर काढावयाचें होतें? असो.

भाड्यानें घेण्यांत नेमका लाभ कोणता, हें जालन्याच्या माणसास परदेशी उदाहरणांवांचून सांगतां येईल. येथील पोलाद कारखान्यांत भंगार लोखंड विजेच्या भट्टींत वितळवून त्याच्या सळया करतात. त्या कारखानदारास महिन्याच्या वीजबिलांत दोन ठळक रकमा दिसतात. एक मागणी आकार, म्हणजे जास्तींत जास्त किती भार उचलला जाईल यासाठींचा. आणि दुसरा प्रत्यक्ष जळलेल्या युनिटांचा. भट्टी बंद ठेवली तरी पहिली रक्कम पुरती सुटत नाहीं. ज्यानें स्वतःचा सर्व्हर विकत घेतला त्याचें संपूर्ण बिल पहिल्या जातीचें असतें. वर्षांतील सर्वांत गर्दीच्या दिवसाला पुरेल एवढें यंत्र त्यानें आधींच घेऊन ठेवावें लागतें, आणि उरलेले दिवस तें जवळजवळ निजून असतें. क्लाउडनें सांगितलें कीं, बिल युनिटांवर द्या. प्रथम हे युनिट तासाचे होते. ऑक्टोबर २०१७ पासून अमेझॉननें बऱ्याच यंत्रांचे दर सेकंदावर आणले.

गर्दी म्हणजे काय, याचें उत्तम उदाहरण शेतीच देते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें आपल्या शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र मोबाइलवर काढून, स्वतःच्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद करावयाची. राज्यांत सातबारे अडीच कोटींच्या घरांत. खरिपाच्या नोंदीची मुदत असते. आणि मुदत म्हटली कीं ती संपतां संपतां कामास लागणें हा मनुष्यस्वभावच आहे. फेब्रुवारींत ज्या सर्व्हरकडे तुरळक कोणी फिरकतो, त्याच्या दारीं मुदतीच्या शेवटच्या दिवसांत लाखो माणसें एकदम उभीं राहतात. त्याहून मोठी गर्दी देशानें २८ एप्रिल २०२१ रोजीं पाहिली. त्या दिवशीं अठरा वर्षांवरील सर्वांसाठीं लसीची नोंदणी को-विन या व्यवस्थेवर खुली झाली आणि पहिल्याच दिवसांत सव्वा कोटींहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. अशा दिवसासाठीं यंत्रें विकत घेऊन ठेवणें म्हणजे वर्षांतून एकदां येणाऱ्या यात्रेसाठीं गांवभर धर्मशाळा बांधण्यासारखें आहे.

आतां प्रोग्रामरनें भाड्यानें घ्यावयाचें तें काय? येथें पुष्कळांचा घोटाळा होतो. कारण एकाच नांवाखालीं अगदीं भिन्न वस्तु विकल्या जातात. अमेरिकेच्या मानक संस्थेनें सप्टेंबर २०११ मध्यें केलेल्या व्याख्येंत तीन पायऱ्या मानल्या आहेत, आणि त्या शेताच्या भाषेंत सहज बसतात. पहिली पायरी म्हणजे ठोक्यानें घेतलेली उघडी जमीन. पुरवठादार केवळ भासमान यंत्र देतो. त्यावर लिनक्स चढविणें, त्याची डागडुजी करणें, डेटाबेस बसविणें, दारांस कुलपें लावणें, सारें ज्याचें त्यानें करावयाचें. दुसऱ्या पायरींत जमीन नांगरून, ठिबकच्या नळ्या अंथरून तयार मिळते. प्रोग्रामरनें आपलें बियाणें, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम, तेवढा आणावयाचा. गुगलनें एप्रिल २००८ मध्यें ॲप इंजिन या नांवानें अशी सेवा पुढें आणली होती. तिसऱ्या पायरींत शेताचा संबंधच नाहीं. मोंढ्यावर जाऊन धान्य घ्यावें तसा दुसऱ्यानें केलेला तयार प्रोग्राम वापरावयाचा. ई-मेल वापरणारा प्रत्येकजण या तिसऱ्या पायरीवर उभा आहे, मग त्याला तें ठाऊक असो वा नसो.

यांत पुढें आणखी एक भर पडली. नोव्हेंबर २०१४ मध्यें अमेझॉननें लॅम्डा नांवाची सेवा जाहीर केली. तींत यंत्र भाड्यानें घ्यावयाचेंच नाहीं. प्रोग्रामचा एक लहानसा तुकडा देऊन ठेवावयाचा. कोणी हांक मारली कीं तो जागा होतो, काम करतो आणि झोपी जातो. भाडें जागेपणाच्या मिलिसेकंदांचें. बैलजोडी पोसण्याऐवजीं ट्रॅक्टर तासावर बोलवावा, तसा हा प्रकार आहे. मात्र ट्रॅक्टर गांवाबाहेरून येण्यास जसा वेळ लागतो, तसा फार वेळ निजलेल्या तुकड्यास जागें होण्यासहि थोडा विलंब लागतो, आणि दिवसभर नांगरणी असेल तर तासाचा भाव परवडत नाहीं.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. समजा, अंबड तालुक्यांतील एका प्रोग्रामरनें मोसंबीच्या बागाइतदारांसाठीं एक सोय केली : निरनिराळ्या बाजारांतील रोजचे भाव मोबाइलवर दिसावे आणि बागेचा हिशेब त्यांतच राहावा. आरंभीं वापरणारे चाळीस. अशा वेळीं सर्वांत लहान भासमान यंत्र एक, आणि त्यावरच सारें. पुढें चारशें झाले, चार हजार झाले. मग डेटाबेस त्या यंत्रावरून उचलून पुरवठादाराच्या राखलेल्या डेटाबेस-सेवेंत न्यावा. म्हणजे रोजची प्रत काढणें व दुरुस्त्या चढविणें हें काम त्याच्या माथीं जातें. बागांचीं छायाचित्रें यंत्राच्या डिस्कवर न ठेवतां वस्तु-सांठवणींत ठेवावीं. तेथें प्रत्येक वस्तूच्या अनेक प्रती वेगवेगळ्या इमारतींत राहतात आणि दर गिगाबाइटमागें कमी पडतो. हंगामांत यंत्रें एकाचीं तीन करावयाचीं तर दारांत एक वांटप करणारा बसवावा, तो येणाऱ्या प्रत्येकास मोकळ्या यंत्राकडे धाडील. गर्दी वाढली तर यंत्रें आपोआप वाढावीं आणि ओसरली तर मिटावीं, असा नियमहि लिहून ठेवतां येतो. यांतील एकहि वस्तु विकत घ्यावी लागली नाहीं. अशा सेवा निघण्यापूर्वीं या मुलाला हें करावयाचें तर पुण्यास जाऊन नोकरी धरावी लागली असती, आणि मोसंबीचा विषय कदाचित् त्याच्या मनांतून गेला असता.

परंतु येथेंच सावध होणें अवश्य आहे. मीटर भिंतीवर दिसत नाहीं. ज्या यंत्राची आठवण राहिली नाहीं तें यंत्र रात्रंदिवस चालूच असतें. प्रयोगासाठीं मोठें यंत्र घेतलें, प्रयोग संपला, संगणक मिटून तरुण जेवावयास गेला, आणि महिन्याअखेर जें बिल आलें तें पाहून त्याला जेवण सुचेना, अशा हकीकती या व्यवसायांत नित्याच्या आहेत. खर्चाची मर्यादा ठरवून सूचना मागवितां येते, हें खरें. पण बहुतेक ठिकाणीं ती सूचनाच असते, ती आपण होऊन यंत्र बंद करीत नाहीं. दुसरा छुपा खर्च माहिती बाहेर काढण्याचा. मोठ्या पुरवठादारांकडे माहिती आंत नेण्यास सामान्यतः पैसे पडत नाहींत, बाहेर आणण्यास पडतात. ज्या मोंढ्यांत माल उतरविणें फुकट आणि परत भरून नेण्यास हमाली, तेथें माल उतरवितांनाच विचार करावा.

याहून गंभीर प्रकार गुप्त किल्लीचा. प्रत्येक खात्यास अक्षरांची एक लांबलचक किल्ली असते. ती ज्याच्या हातीं तो मालकाच्या नांवें हवीं तितकीं यंत्रें चालवूं शकतो. नवशिके ती प्रोग्रामच्या मजकुरांतच लिहितात आणि तो मजकूर गिटहबसारख्या उघड्या ठिकाणीं ठेवतात. अशा किल्ल्या हुडकणारे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात. कांहीं मिनिटांतच परका मनुष्य त्या खात्यावर आभासी चलन काढण्याची गिरणी सुरू करतो. किल्ली प्रोग्रामबाहेर ठेवावी, तिला अवश्य तेवढाच अधिकार द्यावा आणि मुख्य खात्यास दुसऱ्या खुणेचें कुलूप लावावें, हे नियम किरकोळ वाटतात. ते मोडल्याचा दंड किरकोळ नसतो.

पुरवठादार मोठा आहे, तेव्हां आतां काळजी नाहीं, हा दुसरा भ्रम. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं अमेझॉनच्या व्हर्जिनिया येथील केंद्रांत दुरुस्तीचें काम चालू असतां एका कर्मचाऱ्यानें आज्ञा टंकितांना चूक केली आणि ठरल्यापेक्षां पुष्कळ अधिक सर्व्हर बंद पडले. सुमारें चार तास ती सांठवण-सेवा विस्कळीत राहिली व तिच्यावर विसंबलेलीं असंख्य संकेतस्थळें अडून बसलीं. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओ. व्ही. एच. कंपनीची एक संपूर्ण इमारत आगींत भस्म झाली. ज्यांनीं दुसरीकडे प्रत ठेविली होती त्यांचा दिवस वाया गेला. ज्यांनीं ठेविली नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. ढगाला आग लागत नाहीं, इमारतीला लागते.

म्हणून मोठे पुरवठादार एकेका केंद्रांत एकमेकांपासून अंतरावर असलेल्या, वेगळ्या विजेवर चालणाऱ्या इमारतींचे गट ठेवतात. मुंबईंत व हैदराबादेंत अमेझॉनचे असे तीन-तीन गट आहेत. पण दोन गटांत काम वांटणें ही निवड प्रोग्रामरची. ती आपोआप होत नाहीं, आणि तिचें भाडेंहि दुप्पट पडतें. अंबडच्या त्या मोसंबीवाल्यास मुख्य काम मुंबईंत आणि रोजची प्रत हैदराबादेंत, एवढी व्यवस्था थोडक्या खर्चांत करतां येईल. दोन्ही ठिकाणें भारतांतच असल्यामुळें कायद्याच्या दृष्टीनेंहि तें सोयीचें पडतें. रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०१८ मध्येंच पैशांच्या देवघेवीची माहिती देशांतच ठेवण्याचा आदेश दिलेला आहे. शिवाय २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांतील तत्त्व स्पष्ट आहे : लोकांची माहिती ज्यानें गोळा केली, जबाबदारी त्याची, ती हाताळण्याचें काम त्यानें भाडोत्री यंत्रणेवर सोंपविलें म्हणून तो सुटत नाहीं. पुरेशी सुरक्षितता न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशें कोटी रुपये आहे. पुरवठादार इमारतीची, विजेची, यंत्रांची व भिंतींची हमी घेतो. दार उघडें ठेवून भाडेकरू निजला तर ती चोरी भाडेकरूची.

शेतकऱ्यानें आपल्या बागेचें क्षेत्र, कर्ज, उत्पन्न असा सारा तपशील विश्वासानें त्या मोबाइलमध्यें भरलेला असतो. भाषेवरून त्याला एवढेंच कळतें कीं, हा मुलगा आपल्या तालुक्यांतला आहे. माहिती मुंबईच्या कोणत्या इमारतींत आहे, तिला कुलूप आहे कीं नाहीं, यांतील कांहींच त्याला दिसत नाहीं. सर्व्हर मुलाच्या घरांत असता तर निदान पाऊस आंत आला कीं कोणीतरी धांवलें असतें.

भाडेकरूस घर सोडण्याची मोकळीक असावी हाहि एक मुद्दा आहे. प्रत्येक पुरवठादार सोईच्या म्हणून अशा कांहीं खास वस्तु देतो कीं ज्या इतरत्र मिळत नाहींत. त्या वापरल्या कीं काम झपाट्यानें होतें, आणि सोडून जाणें तितकेंच कठीण होतें. ज्या पंपाचे सुटे भाग एकाच दुकानीं मिळतात तो पंप स्वस्त पडला तरी महाग. म्हणून शक्य तेथें लिनक्स, पोस्टग्रेस यांसारख्या सर्वत्र चालणाऱ्या वस्तूंवर रचना करणें शहाणपणाचें. प्रोग्राम व त्याला लागणारें सारें सामान एकाच पेटींत बांधून ती पेटी कोणत्याहि यंत्रावर उघडण्याची रीत २०१३ पासून डॉकरमुळें सर्वत्र झाली. अशा शेंकडों पेट्यांची हालचाल सांभाळणारा कुबरनेटीस हा प्रोग्राम गुगलनें २०१४ सालीं सर्वांस खुला केला. चाळीस गिऱ्हाइकांच्या सोईसाठीं मात्र कुबरनेटीस उभारणें म्हणजे डबक्यावर धरणाचे दरवाजे बसविणें होय. हल्लीं तरुण मंडळींत या हौसेचा अतिरेक दिसतो.

आणि कित्येकदां क्लाउड न घेणेंच योग्य ठरतें. काम जर बारमाही सारखें असेल, ना गर्दी ना ओसाडी, तर युनिटाच्या भावानें भाडें भरण्यापेक्षां स्वतःचें यंत्र किंवा ठराविक मासिक भाड्याचा साधा सर्व्हर स्वस्त पडतो. थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीनें ऑक्टोबर २०२२ मध्यें क्लाउड सोडण्याचा निर्णय जाहीर केला, २०२३ मध्यें आपलीं मुख्य कामें स्वतःच्या सर्व्हरांवर आणलीं, आणि त्यांत मोठी बचत झाल्याचें सांगितलें. दुकानाचा हिशेब किंवा शाळेची हजेरी यांची गर्दी ठरलेली असते; तेथें फॅशनपेक्षां वजाबाकी करून पाहावी.

सरकारनें या वाटेवर पाऊल टाकल्यासहि बराच काळ झाला. केंद्र सरकारची 'मेघराज' ही योजना व तिच्याखालील राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्यें चालू झाला, आणि महाराष्ट्रानें जानेवारी २०१८ मध्यें स्वतःचें सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केलें. त्याच वर्षीं १ मे रोजीं डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला, हें खेड्यांतील माणसास अधिक लक्षांत राहिलें. पंधरा रुपयांत उतारा हातीं येतो, तलाठ्याची वाट पाहावी लागत नाहीं.

हें शिकावयाचें कसें? पदवी असावीच असें नाहीं. पण पायरी गाळूं नये. लिनक्सच्या आज्ञा, इंटरनेटवरील पत्ते व दारें यांची ओळख, डेटाबेसची बेरीज-वजाबाकी, हें हातीं असल्याखेरीज पुरवठादाराच्या रंगीत पानावरील बटणें दाबणें म्हणजे मीटरचे आंकडे न वाचतां कळ दाबणें होय. मोठे पुरवठादार नवशिक्यांस कांहीं मर्यादेपर्यंत किंवा कांहीं काळ फुकट वापर देतात. अटी वरचेवर बदलतात, म्हणून त्या खातें उघडण्याच्या दिवशींच वाचाव्या. जालन्यांत वीज गेली तरी मुंबईंतील यंत्र चालूच राहतें, हें या पद्धतीचें सुख. आणि त्याच कारणानें बिलहि चालूच राहतें.

तेव्हां सराव संपवून उठतांना पुढील क्रम पाळावा. यंत्र नुसतें थांबविलें तर गणनाचें भाडें थांबतें, परंतु त्याला जोडलेल्या डिस्कचें व राखून ठेवलेल्या स्थिर पत्त्याचें भाडें चालूच राहतें. म्हणून नको असलेलें यंत्र मोडावें, डिस्क मोडावी, पत्ता परत करावा, डेटाबेसच्या जुन्या प्रती पाहाव्या. नंतर इतर केंद्रांच्या यादींतहि एकदां डोकावावें, कारण चुकून सिंगापुरांत उघडलेलें यंत्र मुंबईच्या यादींत दिसत नाहीं. ज्यांचें काम चालू ठेवावयाचें आहे त्यांनीं तीन महिन्यांतून एकदां हैदराबादेंतील प्रत नव्या यंत्रावर उतरवून, एखाद्या बागाइतदाराच्या गेल्या हंगामाचा हिशेब जसाच्या तसा निघतो कीं नाहीं, हें ताडून पाहावें.